विमानाच्या पोटाखालची विद्या

बारावीचा निकाल लागून आठ-दहा दिवस झाले असतील. एका सकाळी आमच्या कचेरीच्या दाराशी एक गृहस्थ चपला काढून उभे राहिले. त्यांची कन्या दोन वर्षांपूर्वी आमच्याच शाळेतून दहावी होऊन गेलेली. आता ती बारावीही झाली होती. गृहस्थांच्या हातात एक गुळगुळीत कागदाचे रंगीत पत्रक होते. त्यावर गळ्यात रुमाल बांधलेली एक हसरी तरुणी, टाय लावलेला एक तरुण आणि दोघांच्या मागे उडणारे विमान. खाली ठळक अक्षरांत ‘विमानतळावर शंभर टक्के नोकरी’ असे छापलेले होते. सहा महिन्यांच्या शिक्षणक्रमाची फी नव्वद हजार रुपये.

“सर, काजूचे पैसे आलेत. उरलेले सोसायटीतून काढीन. भरू की नको, एवढेच सांगा.”

वाचकहो, तीस वर्षे आम्ही मुलांना आणि त्यांच्या पालकांना सल्ले देत आलो आहोत. डी.एड., नर्सिंग, बँकेची परीक्षा, तलाठ्याची जागा, यांपैकी कशाबद्दलही विचारा, उत्तर तयार असते. पण त्या दिवशी आम्हांस खरोखरच काही सांगता आले नाही. त्या पत्रकात नमूद केलेले ‘ग्राउंड हँडलिंग’ म्हणजे नेमके काय, तेथे कोणती विद्या लागते, ती कोठे मिळते आणि तिला नव्वद हजार पडतात काय, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर आमच्यापाशी नव्हते. आम्ही त्यांना पंधरा दिवसांची मुदत मागितली. हा लेख म्हणजे त्या पंधरा दिवसांची (खरे सांगायचे तर पुढे दोन महिन्यांची) शिकवणी होय.

आमची शाळा पेडणे तालुक्यातली. मोपाचे पठार आमच्या पटांगणातून दिसते. एके काळी तेथे काजूच्या बागा होत्या, गुरे चरत होती. १३ नोव्हेंबर २०१६ रोजी तेथे विमानतळाची पायाभरणी झाली. मार्च २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरणविषयक परवानगी स्थगित केली, जानेवारी २०२० मध्ये ती स्थगिती उठली आणि ११ डिसेंबर २०२२ रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले. मनोहर पर्रीकरांचे नाव त्यास देण्यात आले. ५ जानेवारी २०२३ पासून उतारूंची विमाने सुरू झाली आणि तेव्हापासून आमच्या व्याकरणाच्या तासाला दर काही मिनिटांनी एक सक्तीचा अर्धविराम मिळू लागला. पोर्तुगीज अमदानीतला दाबोळीचा विमानतळ आमच्यापासून दूर, तीन नद्यांपलीकडे; तो आम्हांस कधी आपला वाटला नाही. हा मात्र आमच्या डोक्यावर आहे. ज्यांच्या जमिनी त्यात गेल्या त्यांच्या घरांतून ‘आमच्या पोरांना तेथे काय?’ हा प्रश्न तेव्हापासून विचारला जातो, आणि तो विचारण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे.

आमचा गुरू आम्हांस आमच्याच जुन्या हजेरीपटात सापडला. सात-आठ वर्षांपूर्वी आमच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसणारा, संधी-समासांत नेहमी गोंधळणारा एक विद्यार्थी आज विमानतळावर ओढगाडी चालवतो, असे शिपायाकडून कळले. त्यास बोलावणे धाडले. तो रात्रपाळी करून थेट शाळेत आला आणि आमच्यासमोरच्या खुर्चीवर बसण्यास काही केल्या तयार होईना. शेवटी आम्ही त्यास फळ्याकडे पाठवले. तेथे त्याने खडूने विमान काढले आणि पुढचा तासभर आम्ही विद्यार्थी झालो.

विमान उतरून थांबते त्या फरसबंद जागेला ‘एप्रन’ किंवा बोलीभाषेत ‘रॅम्प’ म्हणतात. आपल्याला खिडकीतून दिसणारी पिवळ्या-केशरी जाकिटांतली माणसे तेथली. विमान जागेवर येताना पुढे उभा असलेला माणूस दोन्ही हातांतल्या दांड्यांनी वैमानिकास खुणा करतो; हात डोक्यावर नेऊन एकमेकांवर आडवे धरले की थांबायचे. बैलगाडी चढणीवर थांबली की चाकाखाली धोंडा लावतात, तसे विमान थांबताच चाकांना पुढून-मागून ठोकळे लावतात. त्यांस चोक म्हणतात. पण ते लावायलाही लगेच धावायचे नसते. विमानाच्या पोटावर आणि पाठीवर एक तांबडा दिवा लुकलुकत असतो. तो विझेपर्यंत, म्हणजे इंजिने बंद झाल्याची खूण मिळेपर्यंत, कोणी जवळ जायचे नाही. “सर, पहिल्या दिवशी हेच शिकवतात आणि शेवटच्या दिवशीही हेच विचारतात,” असे तो म्हणाला.

यानंतरचा अर्धा-पाऊण तास म्हणजे एखाद्या मोठ्या लग्नघरातली पंगत उठून दुसरी बसण्याची वेळ समजावी. पंखांच्या टोकांशी आणि इंजिनांभोवती शंकू मांडले जातात. इंजिने बंद झाली की विमानाला बाहेरून वीज द्यावी लागते. आपल्या घरची वीज २३० व्होल्ट आणि ५० आवर्तनांची. विमानाची ११५ व्होल्ट आणि ४०० आवर्तनांची. तिच्यासाठी वेगळे जनित्र गाडीवरून येते. एका बाजूने शिडी लागते, दुसऱ्या बाजूने सरकत्या पट्ट्याची गाडी सामानाच्या दाराशी भिडते. इंधनवाले पंखाखाली, पाणी भरणारे एकीकडे, शौचकूप रिकामे करणारे दुसरीकडे. या दोघांनी आपापल्या गाड्या आणि हातमोजे कधीही एक होऊ द्यायचे नाहीत, हा सोवळ्याचा नियम तेथेही आहे. खाद्यपदार्थांची गाडी आपला सगळा साठा उचलून दारापर्यंत नेते. एवढ्या गर्दीत कोणती गाडी आधी, कोणती नंतर, कोणी कोणाच्या मागून जायचे हे ठरलेले असते. विमानाचा पत्रा जाड दिसतो, पण गाडीचा किंचितसा धक्का लागला तरी तो सांगावा लागतो. धक्का लपवणे हा तेथला सर्वांत मोठा अपराध मानतात. धक्का देणाऱ्यास एकवेळ क्षमा आहे, लपवणाऱ्यास नाही. (आमच्या परीक्षा-विभागानेही हा नियम घ्यावा, असे आमच्या मनात येऊन गेले.)

सामान भरण्याचे काम म्हणजे हमाली, अशी आमची समजूत होती. ती येथे पुरती मोडली. आपल्याकडे देशातल्या देशात बहुतेक विमाने १८० च्या आसपास उतारूंची असतात. प्रत्येकाचे १५ किलो धरले तरी २,७०० किलो झाले. यांतली प्रत्येक पेटी माणसाने उचलून विमानाच्या पोटात रचायची आणि उतरल्यावर पुन्हा उचलून काढायची. त्या कोठारात मोठ्या माणसास ताठ उभे राहता येत नाही. गुडघ्यांवर बसून काम चालते. परंतु खरी विद्या वजन उचलण्यात नाही, ते कोठे ठेवायचे यात आहे. विमान म्हणजे एक तराजूच. पुढच्या कोठारात किती, मागच्यात किती, याचा हिशेब करून एक तक्ता खाली येतो आणि त्याबरहुकूम भरणी करावी लागते. वैमानिक तोच हिशेब प्रमाण मानून उड्डाण करतो. तो काही खाली येऊन पेट्या मोजत नाही. म्हणजे दोनशे जिवांचा तोल एका दहावी पास मुलाच्या सहीवर असतो म्हटले तरी अतिशयोक्ती होऊ नये. २९ एप्रिल २०१३ रोजी अफगाणिस्तानातील बगराम येथून निघालेले एक मोठे मालवाहू विमान उडताक्षणी कोसळले आणि आतले सातही जण मरण पावले. आत चिलखती लष्करी वाहने होती. ती नीट जखडलेली नव्हती. एक सुटून मागे सरकले आणि विमानाच्या सुकाणूची यंत्रणाच निकामी झाली, असे चौकशीत निष्पन्न झाले. गाठ पक्की बसली आहे की नाही, हा प्रश्न तेथे असा विचारला जातो.

आणखी एक गोष्ट आमच्या या गुरूने सांगितली, ती आम्हांस फार आवडली. पाळीच्या सुरुवातीस सगळे जण खाली पाहत त्या फरसबंदीवरून चालतात. एखादा खिळा, पिशवीची तुटलेली चेन, चाकाचा तुकडा, जे दिसेल ते उचलायचे. २५ जुलै २००० रोजी पॅरिसला काँकॉर्ड जळून पडले, त्यात ११३ माणसे गेली; त्याचे मूळ दुसऱ्या विमानातून धावपट्टीवर पडलेली धातूची एक पट्टी होती. शाळेच्या पटांगणात कागदाचे बोळे वेचायला लावले की आमची मुले तोंड वाकडे करतात. आता आम्ही त्यांना काँकॉर्डची गोष्ट सांगतो.

निघण्याच्या वेळचे काम याच मुलाचे. विमान सहसा स्वतःच्या बळाने मागे जात नाही, त्यास ओढगाडीने मागे ढकलावे लागते. कानाला यंत्र लावून एक जण खालून वैमानिकाशी बोलत असतो. पुढच्या चाकापाशी एक खुंटी अडकवलेली असते, तिला तांबडी फीत असते. ढकलून झाले की गाडी सोडवायची, खुंटी काढायची, बाजूला जाऊन ती फितीसकट हातात उंच धरून वैमानिकास दाखवायची. त्याने हात केला की समजावे, त्याने पाहिली. “सर, तो इतक्या वरून हात करतो, पण मलाच करतो,” हे सांगताना शेवटच्या बाकावरच्या त्या मुलाचा चेहरा आम्हांस प्रथमच नीट दिसला.

या खुणेचे मोल काय, ते १६ डिसेंबर २०१५ च्या रात्री मुंबईस दिसले. हैदराबादला निघालेले विमान मागे ढकलून झाले होते. खालची माणसे पुरती बाजूला होण्यापूर्वीच विमान हलले आणि एक तंत्रज्ञ चालू इंजिनात ओढला जाऊन जागच्या जागी मरण पावला. ही हकिगत त्या गृहस्थांना सांगावी की न सांगावी, यावर आम्ही दोन दिवस विचार केला. शेवटी सांगितली. मुलीस ज्या ठिकाणी पाठवायचे त्या ठिकाणची वाईट बातमी बापास आधी ठाऊक असावी.

आता शिक्षणाकडे वळू. हे काम शिकवणाऱ्या संस्था दोन प्रकारच्या आहेत, हे आम्हांस हळूहळू कळत गेले. पहिल्या प्रकारात राष्ट्रीय कौशल्यविकासाच्या चौकटीतले शिक्षणक्रम येतात. विमानक्षेत्रासाठी वेगळी कौशल्य परिषद आहे; तिने रॅम्पवरचा कर्मचारी, सामान हाताळणारा, मालवाहतूक साहाय्यक अशी एकेका कामाची इयत्ता ठरवून दिलेली आहे, आणि तिचे प्रमाणपत्र देशात कोठेही चालते. मोपाच्या विमानतळासाठीही स्थानिक मुलांकरिता कौशल्यकेंद्र निघाले. जगभरच्या विमान कंपन्यांच्या ‘आयाटा’ या संघटनेचेही रॅम्पवरील कामाचे व धोकादायक मालाचे शिक्षणक्रम आहेत. धोकादायक मालाचे नऊ वर्ग आहेत. स्फोटके, वायू, पेट घेणारे द्रव येथून सुरुवात होऊन शेवटी मोबाइलच्या बॅटऱ्यांपर्यंत यादी येते. ते शिक्षण एकदा घेऊन भागत नाही. दर दोन वर्षांनी पुन्हा द्यावे लागते. आम्हां शिक्षकांना अशी सक्ती नाही हे आमचे भाग्य म्हणावे की विद्यार्थ्यांचे दुर्भाग्य, ते वाचकांनी ठरवावे.

दुसऱ्या प्रकारच्या संस्था त्या पत्रकातल्या. त्यांविषयी आम्ही कडू बोललो तर वाचकांनी क्षमा करावी, कारण त्याला कारण आहे. आमच्या शाळेतला एक गरीब घरचा मुलगा चार वर्षांपूर्वी अशाच एका शहरी संस्थेत गेला होता. आईच्या पाटल्या मोडून त्याने फी भरली. सहा महिन्यांत त्यास टाय बांधायला, ‘गुड मॉर्निंग’ म्हणायला आणि विमानांच्या चित्रांखाली नावे लिहायला शिकवले. ओढगाडी त्याने चित्रातच पाहिली. शेवटी ‘मुलाखतीची संधी’ म्हणून एका दुकानात विक्रेत्याची जागा दाखवण्यात आली. पत्रकातल्या ‘शंभर टक्क्यां’चा अर्थ तेवढाच होता. तो मुलगा आज पर्वरीला एका औषधाच्या दुकानात आहे. पाटल्या परत झालेल्या नाहीत. त्या वेळी त्याच्या अर्जावर ‘वर्तणूक उत्तम’ असे लिहून आम्हीच सही केली होती, आणि संस्थेची चौकशी करावी हे आमच्या मनातही आले नव्हते. हे आम्ही विसरू शकत नाही.

मग नोकरी देणारे काय मागतात, ते पाहावे म्हणून आम्ही जाहिरातीच वाचायला घेतल्या. सरकारी मालकीची जी विमानतळ-सेवा कंपनी आहे तिच्या जाहिराती सर्वांना खुल्या असतात. त्यांतल्या अटी वाचून आम्ही चाट पडलो. सामान हाताळणाऱ्या जागेस दहावी आणि इंग्रजी वाचून समजण्याइतपत ज्ञान. रॅम्पवरच्या वाहनचालकास दहावी आणि जड वाहनाचा परवाना. त्याहून वरच्या जागेस यंत्र, वीज, मोटार यांसारख्या विषयांतील तीन वर्षांची पदविका अथवा ठरावीक शाखांतले आय.टी.आय., आणि तेथेही जड वाहनाचा परवाना. नव्वद हजारांच्या त्या सुंदर प्रमाणपत्राचा कोठे उल्लेखही नव्हता! रॅम्पवरचे प्रत्यक्ष शिक्षण कंपनी नेमणुकीनंतर आपल्या पद्धतीने देते. विमानतळात शिरण्याचा परवाना पोलीस-पडताळणीनंतर आणि सुरक्षेच्या वर्गानंतर मिळतो. आत गाडी चालवायची तर तेथला वेगळा परवाना. म्हणजे कुलूप एक आणि आमची मुले भलतीच किल्ली विकत घेत होती.

जड वाहनाच्या परवान्याचे वेळापत्रक मात्र लक्षात ठेवण्यासारखे आहे. अठराव्या वर्षी हलक्या वाहनाचा परवाना मिळतो. तो किमान एक वर्ष हाती असल्याखेरीज आणि वयाची वीस वर्षे पुरी झाल्याखेरीज व्यावसायिक वाहनाकडे जाता येत नाही. ज्याने अठराव्या वर्षी टंगळमंगळ केली त्याची पुढची तारीख आपोआप लांबते. एवढी साधी गोष्ट आमच्या शाळेच्या फलकावर आजवर कोणी लिहिली नव्हती. आता लिहिली आहे.

‘इंग्रजी वाचून समजावे’ या अटीबद्दल दोन शब्द. आम्ही मराठीचे एम.ए. आहोत आणि मराठीतून शिकलेल्या मुलांचे वकीलपत्र आम्ही जन्मभर घेतले आहे. तरीही ही अट आम्हांस अन्यायाची वाटली नाही. तेथली प्रत्येक पाटी, प्रत्येक तक्ता, धोक्याची प्रत्येक सूचना इंग्रजीत असते. लागणारे इंग्रजी फाडफाड बोलण्याचे नव्हे, चार ओळींची सूचना अचूक वाचून तीच कृती करण्याचे आहे. ते शिकवणे आमच्या आवाक्यातले होते आणि आहे. आम्ही निबंध पाठ करून घेत बसलो.

कामाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पाळ्या तीन, त्यांत रात्रीची टळत नाही. पेडण्याचा जुलैतला पाऊस आणि एप्रिलमधले तापलेले फरस अंगावर घ्यावे लागते. कानांवर झाकणे लावूनही आवाज घुमतो, कंबर लवकर धरते. ड्यूटीवर येताना श्वासाची तपासणी कोणाचीही होऊ शकते; २०१९ पासून जमिनीवरच्या कर्मचाऱ्यांनाही ती लागू आहे. फेणीच्या मुलखात हे सांगून ठेवलेले बरे. आणि नोकरी बहुधा कंत्राटी. मे २०२५ मध्ये तुर्कस्तानशी संबंधित असलेल्या एका कंपनीची सुरक्षा-मान्यता केंद्र सरकारने एका दिवसात काढून घेतली. ती कंपनी देशातल्या अनेक मोठ्या विमानतळांवर हेच काम करीत होती. तिच्याकडच्या हजारो मुलांना आपली उद्याची पाळी कोणाच्या नावाने लागणार, हे त्या रात्री ठाऊक नव्हते. दुसऱ्या कंपन्यांनी त्यांना सामावून घेण्याची व्यवस्था झाली, पण ती रात्र त्यांनी काढलीच. उलटपक्षी या कामाची ओढ किती आहे तेही पाहा. जुलै २०२४ मध्ये मुंबईस कालिना येथे २,२१६ जागांसाठी थेट मुलाखती ठेवल्या होत्या. इतक्या हजारोंनी तरुण लोटले की मुलाखती बाजूस ठेवून अर्ज तेवढे ठेवून जा, असे सांगावे लागले. त्यांतल्या बहुतेक जागा सामान उचलण्याच्या होत्या आणि रांगेत पदवीधरही होते.

इंदूर, वडोदरा, बेळगाव, ग्वाल्हेर, हैदराबाद येथील वाचकांनी हे गोव्याचे गाऱ्हाणे समजू नये. आपल्या गावचा विमानतळही गेल्या काही वर्षांत वाढला असेल, आणि असेच पत्रक आपल्याही दारी येऊन पडले असेल. त्यावर फी भरण्याआधी चार गोष्टी विचारून घ्या. प्रमाणपत्र कोणत्या परिषदेचे? शिकताना प्रत्यक्ष रॅम्पवर किती दिवस? गेल्या वर्षीची मुले आज कोठे आहेत, आणि त्यांतल्या दोघांशी बोलता येईल का? शेवटच्या प्रश्नास आम्ही दूरध्वनीवरून विचारले तेव्हा पलीकडून फोन ठेवण्यात आला.

त्या गृहस्थांना आम्ही मुदतीनंतर बोलावले, कन्येसह. तिने सगळे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला: “सर, त्या जाहिरातीत मुलींसाठी काही वेगळे लिहिले आहे का?” आम्ही कागद पुढे केला. सामान हाताळणाऱ्यांत पुरुषांबरोबर स्त्रियांचाही स्पष्ट उल्लेख होता; चालकाच्या जागेस परवान्याची अट होती, पुरुषाची नव्हती. तिने तो कागद दोनदा वाचला.

नव्वद हजार भरले गेले नाहीत. ती आता सरकारी आय.टी.आय.मध्ये मोटार मेकॅनिकच्या वर्गात आहे, दोन वर्षांचा शिक्षणक्रम. त्या वर्गात मुली किती, हे विचारल्यावर ती हसून म्हणाली, “मी.” हलक्या वाहनाचा शिकाऊ परवाना तिने काढला आहे आणि रविवारी मामाच्या पिकअपवर हात बसवते. एकदा ती गाडी आमच्या शाळेच्या कुंपणाला घासली. तिने ते आपण होऊन सांगितले.

वडिलांचे मात्र अजून पुरते समाधान झालेले नाही. फीचा प्रश्न सुटला, रात्रपाळीचा सुटलेला नाही. “सर, रात्री दोन वाजता पाळी सुटली तर ती घरी कशी येणार? कंपनीची गाडी फाट्यापर्यंत सोडते की दारापर्यंत?” हा त्यांचा प्रश्न आम्हांस रास्त वाटतो, आणि ज्या गावांनी जमिनी दिल्या त्या गावांच्या वाटेवर रात्री दिवे असावेत ही मागणीही. येत्या सोमवारी आमचा तो शेवटच्या बाकावरचा गुरू, ते गृहस्थ आणि आम्ही असे तिघे पाळी सुटण्याच्या वेळी विमानतळाच्या दाराशी जाऊन उभे राहणार आहोत. तेथून मुली कशा घरी जातात, ते स्वतः पाहून यायचे ठरले आहे.